31 मार्चला करार चालू होता की संपला होता?

नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमची यूपीएस आणि इन्व्हर्टर सांभाळणारी छोटी फर्म आहे. बँकांच्या शाखा, दवाखाने, पतसंस्था, दोन-तीन कारखाने असे सुमारे 175 वार्षिक देखभाल करार आमच्याकडे चालू असतात. सगळे त्यांना एएमसी म्हणतात, मीही तेच म्हणते. करार नोंदवणं, तंत्रज्ञांच्या फेऱ्या लावणं, बिलं काढणं आणि नूतनीकरणाच्या मागे लागणं ही माझी कामं. 2019 साली आम्ही वह्या आणि एक्सेल सोडून ग्राहक-नियोजनाचं सॉफ्टवेअर घेतलं. करार नोंदवताना त्यात तीन रकाने येतात: सुरुवात, कालावधी, शेवट. पहिले दोन भरले की तिसरा आपोआप भरतो. पुढचं सगळं प्रकरण या आपोआप भरणाऱ्या रकान्याचं आहे.

तो रविवार

2024 साली 31 मार्च रविवारी आला. आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस असल्यामुळे सरकारी भरणा घेणाऱ्या बँक शाखा त्या दिवशी उघड्या ठेवायला रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. आमच्या ग्राहकांपैकी एक शाखा त्यातलीच. सकाळी सव्वादहाला त्यांच्या 20 केव्हीएच्या यूपीएसने शिट्टी वाजवायला सुरुवात केली. आतला पंखा बंद पडला होता. यंत्र तापलं आणि बायपासवर गेलं. बायपासवर गेलं म्हणजे संगणक चालूच राहतात, पण थेट महावितरणच्या लाइनवर. मध्ये बॅटरीचा आधार नाही. लाइट नुसती लपकली तरी काउंटरवरचे सगळे संगणक एकदम बसतात.

शाखेतल्या अधिकाऱ्यांनी आमच्या तक्रार नंबरवर फोन केला. रविवारची पाळी नवीन मुलाकडे होती, लागून दोन महिने झाले होते त्याला. त्याने ग्राहकाचं नाव टाकलं, स्क्रीनवर लाल पट्टी आली: करार संपला. अशा वेळी काय करायचं ते आम्हीच त्याला शिकवलं होतं. त्याने तसंच सांगितलं, की सर, एएमसी संपलेली आहे, पर-कॉल चार्ज लागेल, आधी ऑर्डरची मेल पाठवा. अधिकारी म्हणाले, "अरे बाबा, करार 31 मार्चपर्यंत आहे. आज 31 मार्चच आहे ना?" यावर त्या मुलाने जे उत्तर दिलं ते मला अजून आठवतं, कारण सगळी गोम त्यातच होती. तो म्हणाला, "सर, माझ्याकडेपण 31 मार्चच लिहिलंय. पण संपला असं दाखवतंय."

दोघांसमोर एकच तारीख होती. एकाच्या हातात कागद, दुसऱ्यासमोर स्क्रीन.

पावणेबाराला लाइट लपकली आणि शाखेतले संगणक बसले. अर्ध्यावर राहिलेल्या चलनांच्या नोंदी तपासून पुन्हा करायला लागल्या, बाहेर लोक रांगेत. सव्वाबाराला त्या मुलाने घाबरत मला फोन केला, "ताई, बँकवाले खूप चिडलेत." मी आमच्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञांना फोन केला. त्यांना सगळे मामा म्हणतात. ते घरून निघाले, दुकानातून पंखा उचलला आणि एकच्या सुमाराला शाखेत पोचले. मग वीस मिनिटांत काम झालं. वीस मिनिटांच्या कामासाठी बँकेने वर्षातल्या सगळ्यात अवघड दिवशी अडीच तासांहून जास्त वाट पाहिली.

1 एप्रिलला बँकांचं कामकाज वार्षिक हिशेबासाठी बंद होतं. 2 तारखेला आमचे साहेब स्वतः शाखेत गेले आणि माफी मागून आले. शेवटच्या तिमाहीच्या बिलातून करारात लिहिल्याप्रमाणे पेनल्टी कापली गेली. ती योग्यच होती आणि आम्ही एका शब्दाने वाद घातला नाही.

चूक माणसाची की रकान्याची

पहिला अंदाज अर्थातच असा, की कोणीतरी तारीख चुकीची टाकली असणार. पण तारीख चुकलेली नव्हती. बँकेच्या वर्क ऑर्डरवर, म्हणजे काम दिल्याच्या पत्रावर, "1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024", स्क्रीनवर शेवट 31/03/2024. मी तासभर नुसती त्या दोन तारखांकडे बघत बसले होते.

दुसरा धागा अचानक सापडला. त्याच रविवारी पहाटे चार वाजता एका दवाखान्याची तक्रार आली होती. त्यांचा करारही 31 मार्चचाच. ती तक्रार मात्र सॉफ्टवेअरने बिनबोभाट घेतली होती. पहाटे चारला करार चालू आणि सकाळी सव्वादहाला संपलेला, याचा अर्थ मधे कुठेतरी तो बंद झाला होता. सेटिंगमध्ये शोधल्यावर दिसलं की खात्याची वेळ भारताची लावलेलीच नव्हती, ग्रीनिचची होती. तिथली मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. 31 मार्च उजाडताना, साडेपाच वाजता, आमचे करार बंद होत होते.

मग कळलं की सॉफ्टवेअरच्या लेखी "शेवट" हा दिवस नाहीच, तो एक क्षण आहे. 31/03 म्हणजे 31 तारखेला शून्य वाजता. आपण "31 मार्चपर्यंत" म्हणतो तेव्हा 31 चा पूर्ण दिवस धरतो. सॉफ्टवेअर "31 मार्चपर्यंत" म्हणतं तेव्हा 31 उंबरठ्याबाहेर असते.

मग गेली चार-पाच वर्षं हे चाललं कसं? इथे मला खरा धक्का बसला. करार नोंदवायच्या आमच्या तयार साच्यात वार्षिक कराराचा कालावधी "365 दिवस" असा बसवलेला होता. साध्या वर्षात 1 एप्रिलमध्ये 365 मिळवले की येते पुढची 1 एप्रिल. शून्य वाजताची 1 एप्रिल म्हणजे 31 मार्चचा पूर्ण दिवस आत. हिशेब बरोबर. पण स्क्रीनवर "01/04" दिसतं, आणि कागदाशी ताडून बघणाऱ्याला ते चूक वाटतं. 2023-24 या वर्षात मात्र 29 फेब्रुवारी आला. दिवस 366 झाले. 365 मिळवून तारीख आली 31/03/2024, म्हणजे एक दिवस कमी. आणि नेमकी हीच चुकीची तारीख कागदाशी तंतोतंत जुळत होती. मी स्वतः ती नोंद तपासून पुढे पाठवली होती. बरोबर तारीख चूक दिसत होती आणि चूक तारीख बरोबर.

जुन्या नोंदी उघडल्यावर आणखी दिसलं. साध्या वर्षांतही काही नोंदींवर कोणीतरी प्रामाणिकपणे "01/04" खोडून "31/03" केलं होतं. कागद बघून केलेली दुरुस्ती, आणि प्रत्येक दुरुस्तीने ग्राहकाचा एक दिवस गेला होता. त्यात काहींवर माझंच नाव होतं.

2020 साली, म्हणजे पहिल्याच लीप वर्षात, हे उघडकीला यायला हवं होतं. त्या वर्षी 25 मार्चपासून टाळेबंदी होती. मार्चच्या शेवटच्या दोन दिवसांत आमच्या नंबरवर जवळजवळ फोनच आले नाहीत. चूक तेव्हाही झाली होती, फक्त तिच्यावर कोणी आपटलं नाही.

सरकत गेलेले करार

सगळ्यात वाईट अवस्था "आपोआप नूतनीकरण" लावलेल्या करारांची होती. तिथे जुन्या कराराचा शेवट हीच नव्याची सुरुवात. 1 एप्रिल 2019 ला सुरू झालेला करार 2020 च्या लीप वर्षामुळे 31 मार्च 2020 वर आला. पुढची तीन वर्षं 31 मार्च ते 31 मार्च असा चालला. 2024 मध्ये आणखी एक दिवस गमावून 30 मार्चवर आला. म्हणजे सेवेचा शेवटचा पूर्ण दिवस 29 मार्च. त्या दिवशी गुड फ्रायडे होता. ग्राहकाच्या फाइलमधल्या पत्रावर मात्र अजून "1 एप्रिल ते 31 मार्च" असंच.

महिन्यांच्या करारांत वेगळाच घोळ. साचा बनवणाऱ्याने महिना म्हणजे 30 दिवस धरले होते. एका कारखान्याचा 18 महिन्यांचा करार 1 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाला होता. कागदावर शेवट 31 मार्च 2024, प्रत्यक्षात 548 दिवस. आमच्याकडे 18 गुणिले 30 म्हणजे 540 दिवस, आणि करार 24 मार्चलाच बंद. कारखान्याला आठ दिवस कमी मिळाले. त्या आठवड्यात होळी-धुळवड होती, त्यांचा कॉल आला नाही. आला असता तर काय सांगितलं असतं, हे मला नको वाटतं विचारायला.

याच सॉफ्टवेअरमध्ये आम्ही आमचे स्वतःचे करारही ठेवतो. बाहेरगावच्या दोन मुलांना राहायला 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर फ्लॅट घेतलेला आहे. 1 जून 2023 ची सुरुवात, खरा शेवटचा दिवस 30 एप्रिल 2024. सॉफ्टवेअरने 330 दिवस मोजून 26 एप्रिल दिला. इथे चूक आधीच्या बाजूला होती म्हणून निभावलं. उलट बाजूला असती तर गोष्ट वेगळी, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 नुसार मुदत संपूनही राहती जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने पैसे भरावे लागू शकतात. (जाता जाता सांगते, 11 महिने केले की नोंदणी लागत नाही हा आपल्याकडचा जुना समज आहे. याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो.)

आम्ही काय ठरवलं

साहेबांचं पहिलं म्हणणं होतं, साचा बदलून "12 महिने" करा, झालं. मीही तेच म्हणणार होते. पण बदलण्याआधी मामांनी एक चाचणी-ग्राहक उघडायला लावला आणि म्हणाले, "यंत्र दुरुस्त झालं असं आपण लोड टाकल्याशिवाय म्हणतो का?" मग आम्ही तारखा टाकून बघत बसलो. 1 एप्रिल 2023 अधिक 12 महिने: 1 एप्रिल 2024, बरोबर. लीप वर्षातही महिन्यांचा हिशेब कॅलेंडरवर चालतो, दिवसांचा चालत नाही. पण 31 ऑगस्ट 2023 अधिक 6 महिने टाकल्यावर 29 फेब्रुवारी आली, कारण फेब्रुवारीला 31 नाहीच. आणि आमच्याकडे एक यंत्र खरोखरच 29 फेब्रुवारी 2024 ला बसवलेलं होतं. त्यात 12 महिने मिळवले की सॉफ्टवेअर 28 फेब्रुवारी 2025 देतं. शून्य वाजताची. म्हणजे शेवटचा सेवादिवस 27, आणि ग्राहकाच्या वर्षातला एक दिवस पुन्हा गायब. महिने हा दिवसांपेक्षा चांगला पर्याय आहे, पण तोही मोजलेलाच.

म्हणून आम्ही उलटं केलं. शेवट आता मोजला जात नाही, तो कागदावरून लिहिला जातो. "शेवटचा सेवादिवस" असा नवा रकाना आम्ही जोडून घेतला. सही झालेल्या वर्क ऑर्डरवर जो दिवस आहे तोच त्यात जातो, आणि सॉफ्टवेअरचा स्वतःचा "शेवट" त्याच्या पुढच्या दिवसावर बसतो. कालावधीचा रकाना आम्ही काढला नाही. तो आता ताडून बघण्यापुरता आहे. लिहिलेला दिवस आणि महिन्यांनी मोजलेला दिवस जुळला नाही, तर फॉर्म पुढे जात नाही, दुसऱ्या माणसाने फाइल उघडून कारण लिहायचं. पहिल्या महिन्यात याचा सगळ्यांना कंटाळा आला. नंतर त्यानेच दोन वर्क ऑर्डरींतल्या टायपिंगच्या चुका पकडल्या. त्या ग्राहकांच्या बाजूच्या होत्या, त्यांना कळवून सुधारून घेतल्या.

खात्याची वेळ भारताची केली, हे सांगायला नकोच. आणि लाल पट्टी दिसली तरी शेवटाच्या आसपासच्या आठवड्यातला कॉल कोणी नाकारायचा नाही. घ्यायचा, माणूस पाठवायचा, पैशाचं नंतर. हा नियम साहेबांनी त्या नव्या मुलाच्या समोर सगळ्यांना सांगितला, कारण त्याच्यावर बोट ठेवणारी कुजबुज सुरू झाली होती. तो चुकला नव्हता. त्याने स्क्रीन वाचली होती.

कागदाची भाषाही बदलली. पूर्वी आम्ही कोटेशनमध्ये "1 एप्रिलपासून एक वर्ष" असं लिहायचो. जनरल क्लॉजेस ॲक्ट, 1897 चं कलम 9 सांगतं की कायद्यात "पासून" असेल तर पहिला दिवस वगळायचा आणि "पर्यंत" असेल तर शेवटचा धरायचा. तो नियम कायदे वाचण्यासाठी आहे, आपल्या एएमसीसाठी नाही. पण त्याच पद्धतीने कोणी आमचं वाक्य वाचलं तर वर्ष पुढच्या 1 एप्रिलला संपतं, आमच्या समजुतीने 31 मार्चला. असा वाद उगवायलाच नको म्हणून आता दोन्ही तारखा लिहितो आणि पुढे तीन शब्द: दोन्ही दिवस धरून.

मुदतवाढीचा प्रश्न

हे सगळं करताना एक जुनी सवय समोर आली आणि ती मोडणं सगळ्यात जड गेलं. बँका आणि सरकारी कार्यालयांची नवी वर्क ऑर्डर वेळेवर क्वचितच येते. मंजुरीची फाइल फिरत असते. तोवर साहेब शब्दावर सेवा देतात, ग्राहक शब्दावर फोन करतो, आणि हे चांगलंच आहे, याच्यावर धंदा उभा आहे. पण सॉफ्टवेअरमध्ये शब्दाला जागा नव्हती. मग आम्ही काय करायचो, तर जुन्या कराराचा शेवट उचलून महिनाभर पुढे ढकलायचो. मे आला की अजून एक महिना. जूनमध्ये ऑर्डर यायची "1 एप्रिलपासून" अशी मागच्या तारखेची, आणि आमच्याकडे त्याच एप्रिल-मेवर जुना करार पसरलेला. मूळ करार कधी संपला होता, हे मग कोणालाच सांगता येत नसे. शिवाय शेवट हलवला की सॉफ्टवेअर पीएम व्हिजिट, म्हणजे बिघाड व्हायच्या आधीच करायच्या तपासणीच्या फेऱ्या, नव्याने आखायचं, आणि चार फेऱ्यांच्या करारात पाचवी फेरी उगवायची. एका दवाखान्यात अशी फेरी मारून आम्ही बिल लावलं आणि ते परत आलं.

आता जुन्या नोंदीला हात लावायचा नाही. मुदतवाढीची वेगळी ओळ पडते, तिची स्वतःची सुरुवात, स्वतःचा शेवट, आणि कोणाच्या पत्रावर, मेलवर किंवा फोनवर ती दिली त्याची नोंद. खरी ऑर्डर आली की ती ओळ बंद होऊन नव्या कराराला जोडली जाते. जास्तीचं काम आहे, मान्य. पण गेल्या वर्षी एका पतसंस्थेच्या लेखापरीक्षकांनी विचारलं, की एप्रिल-मेची सेवा कशाच्या आधारावर दिली? तेव्हा मी दोन मिनिटांत ओळ दाखवली.

फेऱ्यांचंही एक लपलेलं होतं. चार पीएम व्हिजिट 90, 180, 270 आणि 360 व्या दिवशी लागायच्या. 1 एप्रिल 2023 ला सुरू झालेल्या सगळ्या करारांची चौथी फेरी 26 मार्चला. एकाच दिवशी डझनावारी फेऱ्या, आणि माणसं सहा. दर मार्चला आम्ही मनुष्यबळ कमी आहे म्हणून रडायचो. फेऱ्या शेवटापासून सोडवून महिन्यांना बांधल्या: जून, सप्टेंबर, डिसेंबर, फेब्रुवारी. मार्च मोकळा झाला, आणि मार्चमध्येच तर फोन येतात.

काही करारांचा शेवट 31/12/2099 असा सापडला. कधीतरी करार बंद पडू नये म्हणून कोणीतरी टाकलेला. त्यांचे दर कित्येक वर्षांत वाढलेले नव्हते, कारण आठवण यायला तारीखच नव्हती. ज्यांना खरंच मुदत नाही त्यांचा शेवट आम्ही आता रिकामा ठेवतो आणि फेरविचाराची तारीख वेगळी भरतो.

फायली उघडताना

सगळे करार कागदाशी ताडायला आम्हाला जवळजवळ दीड महिना लागला. रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा, मी स्क्रीनवर आणि मामा फायलींपाशी. ते वर्क ऑर्डर मोठ्याने वाचायचे, मी तारीख टाकायचे, मग मी वाचायचे आणि ते कागदावर पेन्सिलीने बारीक टिंब करायचे. मामांना संगणकाची सवय नाही. पण कुठल्या शाखेचं यंत्र कधी बसलं हे त्यांना फाइल उघडण्याआधी माहीत असायचं. कागदावरची तारीख आणि त्यांची आठवण यांत फरक पडला, की ते थांबायचे आणि म्हणायचे, चलन बघ. तीन वेळा असं झालं. तिन्ही वेळा डिलिव्हरी चलनाने मामांची बाजू घेतली.

त्या शाखेने 2024-25 साठी आम्हाला पुन्हा काम दिलं, आणि मग तीन वर्षांचा करार आला: 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2028. त्यात 29 फेब्रुवारी 2028 आहे, दिवस 1096. नोंद त्याच मुलाने केली. त्याने शेवटचा सेवादिवस टाकला, सॉफ्टवेअरचा शेवट 01/04/2028 दाखवत होता, कालावधी 36 महिने जुळला, फॉर्म पुढे गेला. तरीही त्याने मला हाक मारली, "ताई, एकदा बघता का?" मी वर्क ऑर्डर हातात घेतली. तारखांच्या पुढे बँकेने स्वतःच टाइप केलं होतं: दोन्ही दिवस धरून.